जुनी जखम, नवी जखम

(गणेशोत्सव २०२४ मध्ये मंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवात एक संध्याकाळ कामाच्या गोष्टींसाठी ठेवायची, ही चांगली रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी वकील नाही. डिप्लोमा करून आयटीआयमध्ये पोरांना मशीनवर काम शिकवणारा राज्य सरकारचा कर्मचारी आहे. तरी आज कायद्यावर बोलणार आहे, कारण याच विषयात मी घरच्या माणसाला एकदा चुकीचा सल्ला दिला होता. आधी तेच सांगतो.

माझे एक मावसभाऊ आहेत. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. सतरा वर्षे फौजेत होते. बर्फात पाय घसरून डावा गुडघा कायमचा दुखावला. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने २० टक्के अपंगत्व लिहिले आणि त्याची पेन्शन लागली. गावी आल्यावर बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात ठेकेदारामार्फत गार्ड म्हणून राहिले. आपल्या भागातले कितीतरी माजी सैनिक असेच गेटवर उभे आहेत. एका रात्री सरकते लोखंडी फाटक अडकले. ते ढकलताना उजव्या हाताचा अंगठा फाटक आणि खांब यांच्यामध्ये सापडला. नागपूरला नेले, पण अंगठा काढावा लागला.

ठेकेदाराने दवाखान्याचे बिल भरले. मग चाळीस हजार रुपये पुढे ठेवून म्हणाला, "तुम्हाला अपंगत्वाची पेन्शन मिळतेच नं. एका माणसाला दोन ठिकाणचे पैसे मिळत नाहीत. इथे सही करा, विषय संपला." भाऊंनी मला फोन केला. मी म्हणालो, "भाऊ, मिळते ते घेऊन टाका. उगाच पेन्शनचे लफडे व्हायचे." भाऊंनी डाव्या हाताने सही केली.

ठेकेदाराचे बोलणे खोटे होते आणि माझा सल्ला अडाणीपणाचा होता. का, ते आता पाहू.

फौजेतली अपंगत्व पेन्शन कशासाठी असते? लष्करी सेवेमुळे झालेल्या, किंवा सेवेमुळे वाढलेल्या दुखण्यासाठी. ते निदान २० टक्के असावे लागते. पुढे ते टक्के वर नेण्याची सोय आहे: ५० च्या खाली असले तर ५०, त्यावर ७५, आणि ७५ च्या वर गेले तर १००. पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितले. हा पैसा देश देतो, देशाच्या कामात गेलेल्या शरीरासाठी. पुढे बाहेर नोकरी केली म्हणून तो कापला जात नाही.

दुसरा कायदा १९२३ चा, कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला, म्हणजे २०२४ मध्ये त्याला शंभर वर्षे झाली. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे त्याचे सार होते. भरपाईचे गणित कायद्यातच लिहिलेले होते. उदाहरण घ्या. पगार महिना १२ हजार, वय ४५. पगाराच्या ६० टक्के झाले ७,२००. या वयाचा गुणक १६९.४४. गुणाकार होतो १२,१९,९६८ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्यात ३० टक्के होते. म्हणजे ३,६५,९९० रुपये. त्याच्यासमोर चाळीस हजार ठेवून पाहा.

या गणितात 'आधीची पेन्शन वजा करा' असा रकाना कुठेही नव्हता. वजा व्हायची ती त्याच मालकाने भरपाई म्हणून दिलेली रक्कम. उपचारावर केलेला खर्च त्यात धरत नसत.

गंमत अशी की फौजेत असताना हा १९२३ चा कायदा सैनिकाला लागूच नव्हता, तसे व्याख्येतच म्हटले होते. वर्दी उतरवून कारखान्यात आला की लागू व्हायचा. म्हणजे कायद्याने दोन खाती पहिल्यापासून वेगळी ठेवली आहेत. गुडघ्याचे खाते फौजेकडे, अंगठ्याचे खाते मालकाकडे. माणूस एकच असला तरी जखमा दोन आहेत.

आता ही खाती एकमेकांना कुठे अडतात, तेही प्रामाणिकपणे सांगतो.

पहिली जागा, त्याच अवयवाला पुन्हा मार लागणे. गुडघाच पुन्हा गेला असता तर मालक म्हणाला असता, हे जुनेच आहे. तेव्हा डॉक्टरांकडून नव्या अपघाताने किती नुकसान वाढले ते वेगळे लिहून घ्यावे लागते. पण जुनी दुखापत प्रत्येक वेळी हक्क कमी करते असेही नाही. तक्त्यात एक डोळा गेला तर ४० टक्के होते, पण 'दुसरा डोळा चांगला असताना' असे शब्द तिथे होते. ज्याचा एक डोळा सीमेवर गेला आणि दुसरा कारखान्यात, त्याला ४० टक्के देऊन कसे चालेल? तो तर आंधळा झाला. कमाईची ताकद किती गेली, हे पाहायचे असते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराला १०० टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

दुसरी जागा, ईएसआय. पगारातून ईएसआय कापत असतील तर कामावरच्या जखमेचा लाभ ईएसआयकडून घ्यायचा. त्याच जखमेसाठी १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून पुन्हा मागता येत नव्हते. 'दोन ठिकाणचे पैसे नाहीत' हे वाक्य इथे खरे आहे, कारण इथे जखम एकच आहे. ईएसआयची पगारमर्यादा २१ हजार आहे, अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५ हजार. पगाराची पावती वाचत जा.

तिसरी जागा आपली स्वतःची. कारखान्यातली जखम दाखवून फौजेचे टक्के वाढवून मागू नका. ती सेवेतली नाही. आपण खाती मिसळली तर दुसऱ्याला बोलायची जागा राहत नाही.

भाऊंचे पुढे काय झाले? पेन्शनच्या कामाने ते छिंदवाड्याला सैनिक कल्याण कार्यालयात गेले होते. तिथे भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी हात पाहिला आणि विचारले, "याचा दावा केला का?" भाऊंनी सहीची गोष्ट सांगितली. सुभेदार म्हणाले, सहीने हा हक्क जात नाही. मी घरी येऊन तेव्हाचा १९२३ चा कायदा वाचला. कलम १७: हक्क सोडल्याचा करार रद्द समजायचा. कलम १२: माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकही जबाबदार. कलम १०: दावा दोन वर्षांच्या आत. भाऊंचे दीड महिने उरले होते.

श्रम न्यायालयात दावा लावला. समोरच्या वकिलांनी पेन्शनचा मुद्दा काढलाच. भाऊंनी दोन फाइली ठेवल्या, एक गुडघ्याची, एक अंगठ्याची. निकाल लागला तेव्हा चाळीस हजार वजा झाले, दवाखान्याचे बिल झाले नाही, आणि उशिराबद्दल १२ टक्के व्याज लागले. पेन्शनला कोणी हात लावला नाही. त्या पैशातून मुलीची नर्सिंगची फी भरली. अंगठा मात्र परत येत नाही. भाऊंना शर्टाची बटणे अजून वहिनीच लावून देतात.

म्हणून विनंती. नोकरीला लागताना जुने अपंगत्व लपवू नका, लेखी द्या. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मेडिकल बोर्डाचे कागद एका फाइलीत ठेवा. नियुक्तीपत्र, पगाराची पावती, हजेरी दुसऱ्या फाइलीत. अपघात झाला तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि दवाखान्यात 'कामावर लागले' असे लिहून घ्या. संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली आहे. ती २०२५ मध्ये लागू झाली आणि हे कायदे तिच्यात गेले, पण कामावरच्या जखमेची भरपाई तिच्यातही आहे.

आणि घरचे कोणी फोन करून "सही करू का?" विचारले, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. "दोन दिवस थांबा, विचारून सांगतो," एवढेच म्हणा.



गणपती बाप्पा मोरया!