रेषा आखणारे हात



पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पालवणकर बाळू महिना चार रुपयांवर राबत. टेनिस कोर्टाच्या रेषा ते आखत. खेळत मात्र साहेब. नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांच्या गोलंदाजीला धार आली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले.

टेनिस आजही महागडा खेळ आहे. पण शिकवायला सुरुवात कशाने होते? मोकळ्या मैदानात चुन्याने आखलेले ७८ फूट लांब, २७ फूट रुंद कोर्ट, सरावाला एक भिंत आणि रोज तासभर देणारा जाणकार. भिंत चेंडू परत देते. चूक शिक्षकच दाखवतो. म्हणून आधी शिक्षक शोधू, मग वर्गणीतून रॅकेट घेऊ.

रेषा आपणच आखू. त्यांच्या आत आपली मुले-मुली खेळतील.

नमो बुद्धाय! जयभीम!