वाळू डोंगराची, ठराव ग्रामसभेचा
(तालुका मेळाव्यातील भाषण)



वाळू कुठून येते? आपल्याच डोंगरातून. रतनगडाचा काळा कातळ ऊन-पावसानं फुटतो, ओढ्यात पडतो, घासून घासून बारीक होतो. पाण्याला जोर असतो तोवर ते सगळंच वाहून नेतं. जोर कमी झाला की आधी गोटे टाकतं, मग वाळू, शेवटी गाळ. म्हणून नदीच्या वळणावर आतल्या अंगाला वाळू साठते. असा पुरापुराला थर चढतो. नेवाशाला प्रवरेकाठी अशाच जुन्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. एवढे जुने हे थर. जेसीबीला मात्र उपसायला एक रात्र पुरते.

नवी वाळू येईल की, असं कोणी म्हणेल. पण १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा धरण वरची वाळू वरच अडवतं. खालच्या पात्रात पहिल्यासारखी भर पडत नाही. वाळूत पाणी मुरतं, त्यावर काठच्या विहिरी जगतात. वाळू गेली की विहीर आटते, आणि हंडा बाईच्या डोक्यावर लांबून येतो.

पेसा कायदा १९९६ चा आहे. अनुसूचित क्षेत्रात वाळूसारख्या गौण खनिजाचा ठेका देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. ती शिफारस आपल्या माघारी होऊ देऊ नका. ठराव मोठ्यानं वाचून दाखवा म्हणा. समजला, पटला, तरच सही नाहीतर अंगठा. कोऱ्या कागदावर कधीच नाही!