सुटलेलं पोट आणि झिजणारी हाडं

मैत्रिणींनो, पाळी जाण्याच्या वयावर बोलायचं म्हटलं की आपल्या गटांत पहिला विषय निघतो तो पोट सुटल्याचा. ब्लाऊज होत नाही, नवरा टोमणे मारतो, जावा हसतात.

पाळी थांबताना अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी होतं. मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी मग पोटाकडे वळते. यात बाईचा आळस नाही. ती फार वाढली तर मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे खरं. पण उपाय म्हणून आपण काय करतो? रात्रीचं जेवण सोडतो. आधीच उरलंसुरलं खाणाऱ्या आपण! अशा उपासमारीनं वजनाबरोबर स्नायू आणि हाडंही झिजतात. हाडांची झीज आवरून धरायचं काम इस्ट्रोजेनच करत असतं. ते कमी झालं की पहिली काही वर्षं झीज झपाट्यानं होते. 'कशी सडपातळ राहिलीस' म्हणून जिचं कौतुक होतं, तिला हाड मोडण्याचा धोका उलट जास्त. पाठीचे मणके दबतात, पुष्कळदा दुखतही नाहीत. उंची घटते, पाठीला बाक येतो, आणि पोट आणखी पुढं येतं! म्हणजे ज्या पोटाला हसतात, त्यामागे मोडलेला मणका असू शकतो.

आता बीडकडे पाहा. २०१९ साली सरकारी समितीनं ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ जणींची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांत चाळिशीच्या आतल्याही होत्या. पाळीचा खाडा म्हणजे मजुरीवर गदा, हे त्यामागचं एक कारण. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येऊन ठेपतं. पुढं त्याच पाठीवर उसाच्या मोळ्या. हाडांचा हिशेब कोण धरतो?

म्हणून पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकीसोबत आपल्यातली एक जण जायला हवी. अंडाशयं ठेवणार की काढणार, का काढणार, हे विचारायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं. खाण्यात नाचणी, तीळ, डाळ हवी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. अंगावर ऊन हवं, पायी चालणं हवं. मात्र राबून थकलेल्या बाईला 'व्यायाम करा' सांगण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते बघा.

पुढच्या बैठकीला टेप आणा. भिंतीशी उभं राहून प्रत्येकीची उंची वहीत लिहू आणि दरवर्षी पुन्हा मोजू.