हळद कातडीत शिरते का?



कामगार संघटनेच्या माणसाने औषधविद्येवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हात हे कामगाराचे भांडवल, आणि हाताभोवती कातडी असते. तिच्यातून काय आत जाते आणि काय बाहेर राहते, हा प्रश्न म्हणूनच आमचाही आहे. अलीकडे वनस्पतींचे अर्क ‘नॅनो’ कणांत भरलेली मलमे विकली जातात. ‘त्वचेत खोलवर जाते’ असे वेष्टनावर छापतात. ही खोली किती आणि ती मोजली कोणी, एवढेच आज पाहू.

कातडीचा अगदी वरचा थर भिंतीसारखा आहे. मृत, चपट्या पेशी या विटा. त्यांच्यामधली सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा चुना. तळहात-तळपाय सोडले तर ही भिंत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही क्वचितच जाड असते. तरी सारा देह तिच्या भरवशावर जगतो. पाण्यातच विरघळणारे द्रव्य या चुन्यापाशी अडते. तेलात विरघळणारे चुन्यात शिरते, पण पुढच्या पाणथळ थरापाशी थबकते. शिवाय रेणू लहान हवा. त्याचे वजन ५०० डाल्टनच्या आत असावे, असा आडाखा बोस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडला.

हळदीतील कर्क्युमिनच्या रेणूचे वजन ३६८. म्हणजे वजनाची अट तो पाळतो. अडचण निराळी आहे. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि उजेडात व क्षारात लवकर नासतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करविले. ज्ञान आपले होते, हे सिद्ध झाले. परंतु हळदीतले द्रव्य कातडीत किती उतरते, हा हिशेब त्या निकालाने होण्यासारखा नव्हता.

येथे स्निग्ध कणांचे काम सुरू होते. १९९०च्या सुमारास जर्मनीत राइनर म्युलर आणि इटलीत मारिया गास्को यांनी घन स्निग्ध कण तयार केले. कृती समजण्यास अवघड नाही. मेणासारखा मेद वितळवावा, त्यात औषधी द्रव्य विरघळवावे, फेस आणणाऱ्या द्रव्यासह गरम पाण्यात जोराने घुसळावे, आणि निववावे. सुमारे २०० नॅनोमीटरचे कण मिळतात. केसाच्या जाडीचा साधारण चारशेवा भाग. मात्र एक दोष निघाला. साठवणीत मेदाचे रेणू शिस्तीने रचले जातात आणि आतल्या द्रव्यालाच बाहेर ढकलतात. चाळीच्या खोलीत सामान नीट रचत गेले की माणसालाच जागा उरू नये, तसे! म्हणून पुढे मेदात थोडे पातळ तेल मिसळून रचना मुद्दाम विस्कळीत ठेवण्यात आली. त्या अव्यवस्थेत द्रव्याला जागा मिळाली.

आता मुख्य मुद्दा. असा अख्खा कण भिंत ओलांडतो का? निरोगी कातडीत सहसा नाही. विटांमधली फट त्याहून फार अरुंद आहे. कण पृष्ठभागावर पातळ थर धरतात, ओलावा उडू देत नाहीत, त्यामुळे भिंत थोडी सैल होते. काही कण केसांच्या मुळाशी साचतात. द्रव्य तेथून हळूहळू झिरपते. हमाल दाराशीच थांबतो, माल आत जातो. हा लाभ खरा आहे. पण ‘कण खोलवर शिरतो’ ही भाषा निराळी.

आणि आत जाणे नेहमी हितकारकच असते काय? निकोटिनही वनस्पतीचेच द्रव्य. त्याचा रेणू १६२चा, पाण्यात आणि तेलात दोन्हीकडे विरघळणारा. त्याला कोणत्याही कणाची गरज लागत नाही. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, ओकारी आणि भोवळ येते, ती याच वाटेने. व्यसन सोडविणारी पट्टीही त्याच वाटेचा उपयोग करते. भिंत औषध आणि विष असा भेद जाणत नाही. ‘वनस्पतीचे, म्हणून निरुपद्रवी’ हे म्हणणे तंबाखूच्या शेतावर टिकत नाही.

कायदाही येथे अपुरा पडतो. युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर ‘नॅनो’ लिहिण्याची सक्ती २०१३ साली आली. पण ती न विरघळणाऱ्या वा टिकून राहणाऱ्या कणांपुरती. विरघळून जाणारे मेदाचे कण त्यातून निसटले. आपल्याकडे २०१९ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्या नॅनो-औषधांसाठी.

तेव्हा ग्राहकाने काय मागावे? डुकराच्या कानाची कातडी काचेच्या पात्रावर ताणून किती द्रव्य पार झाले, हे प्रयोगशाळेत मोजता येते. माणसाच्या कातडीवर चिकटपट्टी पुनःपुन्हा लावून, ती काढून, कोणत्या थरात किती साचले हेही कळते. एवढ्यावर थांबू नये. तेवढीच हळद साध्या मलमात घालून दोन्हींची रोग्यांवर तुलना झाली काय, हे विचारावे. महागडी डबी आणि साधी डबी यांत गुण सारखाच असेल, तर जादा पैसे कशाचे?

आम्ही कामगार पगाराच्या चिठ्ठीवरचा प्रत्येक आकडा विचारून घेतो. शास्त्राकडेही तसाच हिशेब मागण्यात शास्त्राचा अपमान नाही. ते उभे आहे हिशेबावरच. मात्र डबीवरच्या अक्षरांना शास्त्र समजू नका, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.