घरोघरच्या प्रवासाची मोजदाद

शितावरून भाताची परीक्षा, अशी मराठीत म्हण आहे. ही परीक्षा खरी ठरते. पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. तळाला लागला आणि वर कच्चा राहिला, तर वरचे एक शीत चेपून काय कळणार? शहरातील माणसे रोज कोठून कोठे आणि कशाने जातात, याची पाहणी करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा असतो.

प्रत्येक घरी जाऊन विचारणे परवडत नाही. म्हणून काही घरे निवडून त्यांच्या एका दिवसाच्या फेऱ्या टिपून घेतात. अमेरिकेतील काही शहरांत १९४४ साली अशा घरोघर पाहण्या सुरू झाल्या आणि १९६९ पासून तेथे साऱ्या देशाची पाहणी वेळोवेळी होत आली आहे. रस्ते, पूल आणि बसगाड्या यांचे आराखडे अशा उत्तरांच्या आधारे आखले जातात. परंतु निवडलेली सर्वच घरे उत्तर देत नाहीत. आणि न देणारी घरे देणाऱ्यांसारखीच असतात, असेही नाही. प्रवासाच्या पाहणीत तर आणखी एक पेच आहे. जो माणूस सर्वांत अधिक हिंडतो, तोच घरी सापडणे सर्वांत कठीण!

एका कल्पित नगराचे उदाहरण घ्यावे. तेथे १०,००० कुटुंबे आहेत. ४,००० कुटुंबांकडे स्वतःचे वाहन आहे, ६,००० कुटुंबांकडे नाही. पाहणीत वाहनवाल्या ३२ आणि वाहन नसलेल्या २४ कुटुंबांनी उत्तरे दिली. पहिल्यांच्या बसफेऱ्या दिवसाला घरटी एक, दुसऱ्यांच्या चार. सरळ सरासरी काढली तर साऱ्या नगराच्या बसफेऱ्या २३,००० च्याही आत भरतात. पण वाहनवाले प्रत्येक उत्तर १२५ कुटुंबांच्या वतीने आणि दुसरे प्रत्येक उत्तर २५० कुटुंबांच्या वतीने धरले, की बेरीज २८,००० होते. या १२५ आणि २५० या आकड्यांनाच भारांक म्हणतात. ते न लावता बसगाड्या नेमल्या, तर रोज पाच हजारांहून अधिक फेऱ्यांना जागाच उरणार नाही; आणि ताटकळत उभे राहावे लागेल ते बहुतांशी वाहन नसलेल्यांनाच.

प्रत्यक्षात वाहन, वय, उत्पन्न, कुटुंबातील माणसे अशा अनेक बाबींचा मेळ घालावा लागतो. खानेसुमारीतून प्रत्येक बाबीची एकूण संख्या मिळते. पण त्या सर्वांची एकत्र वाटणी मिळतेच असे नाही. डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० साली यावर एक रीत मांडली. आधी एका बाबीची बेरीज जुळवावी, मग दुसरीची. त्यात पहिली थोडी बिघडते, म्हणून ती पुन्हा जुळवावी. असे फेरे घेता घेता सर्व बेरजा बसतात.

तथापि भारांकाच्या सामर्थ्याला मर्यादा आहे. अमेरिकेच्या २००९ च्या पाहणीत घरे तारेच्या दूरध्वनीवरून निवडली होती. त्या सुमारास तेथील पाचांतील एका घरी केवळ मोबाईल होता. अशी घरे निवडीतच येऊ शकत नव्हती. वयाच्या बेरजा जुळवता आल्या, तरी तारेचा दूरध्वनी असलेला तरुण तो नसलेल्या तरुणाच्या वतीने बोलत राहिला. २०१७ च्या पाहणीत टपालाच्या पत्त्यांवरून घरे निवडली गेली, त्यात हे एक कारण होते.

भारांक फार मोठा झाला तर दुसरा धोका संभवतो. एखाद्या कुटुंबाची त्या दिवशीची लग्नाची लांबची फेरी हजारपटीने वाढून कागदावर गर्दी होते. म्हणून अतिमोठे भारांक छाटतात. थोडा एकांगीपणा पत्करून आकड्यांची चंचलता कमी करतात. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची पायी फेरी सांगायची राहून गेली असेल, तर ती मात्र या गुणाकाराने परत येत नाही. शून्याला कितीही मोठ्या आकड्याने गुणले तरी शून्यच!

यास्तव हिशेबनीसाचे काम कितीही चोख असले, तरी पाहणीची खरी भिस्त दारावर जाणाऱ्या माणसावर असते. दुपारी ज्या दाराला कुलूप होते, तेथे त्याने संध्याकाळी पुन्हा जावे, आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशीही. त्या कुलपामागचे कुटुंब कदाचित त्याच वेळी बसच्या रांगेत उभे असेल.