पत्र्याचं विमान



सोनेगावहून उडणारी छोटी विमानं आठवतात ना? नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यात सेसना १५२ आहेत. या विमानाचं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं. म्हणजे त्यातलं सगळ्यात तरुणसुद्धा चाळिशीचं, आपल्याच बॅचचं!

त्याचं अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, आणि भार तो पत्राही पेलतो. त्यामुळे तडा गेला तर गाडीसारखी लांबी भरून रंग मारता येत नाही. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवतात, मग गोल कोपऱ्यांचं ठिगळ रिव्हेटने बसवतात. रिव्हेट कडेपासून तिच्या व्यासाच्या निदान दुप्पट आत हवी. आणि खुणा शिसपेन्सिलीने करायच्या नाहीत. ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. (कंपासपेटी घरी ठेवा!)

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘पॅच’ असतो, पण फसला तर मागे घेता येतो. पत्र्यात चुकीच्या जागी पाडलेलं भोक मागे घेता येत नाही, आणि त्या विमानात पहिल्यांदाच एकटं उडणारं विशीतलं पोर बसणार असतं. म्हणून दुरुस्तीवर परवानाधारक इंजिनिअर स्वतःच्या नावाने सही करतो. माझ्या कोडखाली अशी सही आजवर कुणी मागितलेली नाही.