माळ्यावर स्वयंपाक होत नाही

श्रोतेहो, गेम लवकर सुरू व्हावेत म्हणून ते कुठे ठेवावेत, यावर बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. तेव्हा कन्सोल म्हणजे काय, एसएसडी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ते घरातल्या पोरांना विचारा. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण लोक मान डोलावतात आणि दुकानात जाऊन नेमकं उलट करतात. प्लेस्टेशन ५ चा गेम बाहेरून यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर ठेवता येतो. तिथून खेळता येत नाही.

स्वयंपाकघरात ओटा असतो आणि वर माळा असतो. माळा ऐसपैस, ओटा हातभर. तरी फोडणी ओट्यावरच द्यावी लागते ना? कन्सोलच्या पोटातली एसएसडी हा ओटा. पहिल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती ८२५ जीबीची. सिस्टिमचं सामान वजा जाता ६६७ जीबीच्या आसपास जागा हाती लागते. पण सेकंदाला साडेपाच जीबी वाचते! आधीच्या प्लेस्टेशन ४ मधली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला पन्नास ते शंभर एमबीवर दमायची. शिवाय तिला एकेक वस्तू शोधत फिरावं लागे, म्हणून गेम बनवणारे तीच वस्तू डिस्कवर ठिकठिकाणी भरून ठेवत. कन्सोलचे रचनाकार मार्क सर्नी यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं, की स्पायडर-मॅनच्या गेममध्ये काही माल चारशे-चारशे वेळा भरलेला होता. घरातल्या प्रत्येक कोपऱ्यात मिठाची बरणी ठेवावी, तसं. नव्या गेमना हे सोंग करावं लागत नाही, कारण मीठ हाताशीच आहे असं ते धरून चालतात. म्हणून त्यांना ओटाच हवा.

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे तर बाहेरच्या ड्राइव्हवरून गेम चालतो. चालत असेल, पण तो प्लेस्टेशन ४ चा असेल. तो चिवड्याचा डबा आहे. माळ्यावरून काढला आणि खाल्ला, गॅस पेटवायला नको. असे जुने गेम खुशाल बाहेर ठेवा. त्यातही बाहेर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी लावलीत, तर ते लवकर उघडतील. एक्सबॉक्स सिरीजचंही तेच. जुने गेम यूएसबीवरून चालतात, नव्यांना आतली जागा नाहीतर मागे खोचायचं खास कार्ड.

मग माळ्याचा उपयोग काय? अहो, मोठा आहे! जागा संपली की शंभर जीबीचा गेम उडवायचा आणि महिन्याभराने पुन्हा इंटरनेटवरून रात्रभर उतरवायचा, हा कुठला संसार? तो बाहेरच्या ड्राइव्हवर हलवा, लागला की आत आणा. उतरवण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. पण आत आणा. माळ्यावर स्वयंपाक होत नाही.

ओटा वाढवायचा असेल तर प्लेस्टेशन ५ मध्ये जादा एसएसडी बसवायला एम.२ नावाची जागा आहे. सप्टेंबर २०२१ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. चौथ्या पिढीची, सेकंदाला साडेपाच हजार एमबीच्या आसपास वाचणारी घ्या, आणि उष्णता ओढून घेणारी पट्टी लावलेली. दिसायला तश्शीच पण साटा जातीची एम.२ स्वस्तात मिळते, ती इथे चालत नाही. दुकानदार ‘बसेल’ म्हणतो, तेव्हा बसते, एवढंच.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. २००८ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स ३६० वर अख्खी डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची सोय आली. डिस्क आत ठेवावीच लागे, पण ती गरगरायची थांबली आणि बहुतेक गेम भराभर उघडू लागले. अपवाद हेलो ३ चा. तो खेळताना स्वतःच डीव्हीडीवरचा माल हार्ड डिस्कवर काढून ठेवायचा. गेमच हार्ड डिस्कवर आणल्यावर वाचणं आणि काढून ठेवणं, दोन्ही एकाच डिस्कवर आलं. एकाच ओट्यावर दोघी जावा! गेम उलट हळू झाला, आणि बनवणाऱ्या बंजी कंपनीनेच तो उतरवू नका म्हणून सांगितलं. यावरून खरं तर बरंच...

काचेपलीकडून बोट दाखवताहेत, एक मिनिट. बरं, बाहेरचा ड्राइव्ह यूएसबी हबला लावू नका, थेट कन्सोलच्या मागच्या पोर्टला लावा. आणि एम.२ बसवायला झाकण काढण्याआधी वायर काढून... नाही, ते आता होत नाही. माहितीपुस्तिकेत चित्रं आहेत, ती बघा.